पोस्टरच्या बाटलीतला रंग

८ सप्टेंबर, सोमवार

ही वही जूनमध्ये हजेरीसाठी आणली होती. चाळीस नावांची. आता माझ्याकडे पाच मुलं उरलीत. पाच नावांसाठी अख्खी वही कशाला अडवून ठेवायची? आजपासून हिच्यात मला जे लिहायचंय ते लिहिणार. आणि सगळ्यात पहिलं नाव लिहिणार जागृती राऊतचं.

आज पालघरहून परत येताना बेटेगावच्या वळणावर बॅनर दिसला. ‘जागृती आर्ट अँड क्राफ्ट. वय ४ ते १४. या, रंगांत खेळा!’ वर बाईसाहेबांचा हसरा फोटो. आणि खाली? खाली माझं कासव! पेपर प्लेटचं कासव, पाठीवर भेंडीच्या ठशांची नक्षी. भेंडी आडवी कापायची, देठाकडचा तुकडा हातात धरायचा, रंग ओल्या स्पंजवर घ्यायचा आणि मग ठसा मारायचा, हे या बयेला कुणी शिकवलं? मी. समिधा जाधवने. रिक्षा थांबवली, खाली उतरले, बॅनरसमोर उभी राहिले. अंगाची नुसती लाही लाही झाली. रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, फोटो निकालना है क्या?” म्हटलं, चल बाबा तू.

चार वर्षं ही माझ्या हाताखाली होती. उमरोळीहून यायची, सायकलवर. आली तेव्हा हिला सहा नंबरचा ब्रश आणि दोन नंबरचा ब्रश यातला फरक कळत नव्हता. वर्तमानपत्रं अंथरायची, पाण्याचे डबे भरायची, ब्रश धुवायची. मे महिन्यात म्हणाली, “ताई, आता माजं घरचं काम वाढलंय.” घरचं काम म्हणजे हे! जूनमध्ये सतरा मुलं गेली, जुलैत नऊ, ऑगस्टमध्ये आणखी नऊ.

अकरा वर्षांचा क्लास आहे माझा. बोईसरमध्ये मुलांना रंग म्हटलं की लोक माझं नाव घ्यायचे. हे मी सोडणार नाही. तिचा क्लास बंद पाडल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही, लिहून ठेवते.

११ सप्टेंबर, गुरुवार

नवरात्रापर्यंतचे प्रोजेक्ट ठरवले. असं काही ठरवायला बसले की डोकं थंड होतं. कपाट उघडलं, सगळं बाहेर काढलं, पुसून परत लावलं. लोक मला विचारतात की मुलांसाठी काय काय आणू? आणि मग ते चोवीस रंगांचा मोठा डबा आणतात. कशाला? लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. पाच बाटल्या द्या, बाकीचे रंग पोराला बनवू द्या. ब्रश एकच द्यायचा तर सहा नंबरचा गोल. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे म्हणजे फुकटची पॅलेट. ठिपक्यांसाठी कानातल्या कापसाच्या काड्या, शिंतोड्यांसाठी जुना टूथब्रश. मेणाचे खडू लहानांना, ऑइल पेस्टल सातच्या पुढे, कारण लहान पोरं ती हाताने फासतात आणि मग त्यांच्या आया माझ्या नावाने बोटं मोडतात.

संध्याकाळी बॅच घेतली. दिशाने नारळाचं झाड निळं काढलं. निळं! म्हटलं, दिशा, तुझ्या घरामागे वाडी आहे, निळा नारळ बघितलास का कधी? मग मीच ब्रश घेतला, खोड नीट केलं, झावळ्या हिरव्या केल्या, मागे जरा समुद्र टाकला. माझा हात फिरला तेव्हा कुठे चित्र उभं राहिलं. तिच्या आईने फोटो बघून विचारलं, “हे दिशानेच काढलं का?” म्हटलं, अर्थात.

१५ सप्टेंबर, सोमवार

दिशा गेली. कुठे गेली ते सांगायला नकोच. आई म्हणाली, “तिला तिकडे मैत्रिणी आहेत.” काय पण कारण! राहिली चार.

तिकडे म्हणे मुलं बोटांनी रंगवतात, कोपरापर्यंत माखतात आणि जागृती बघत बसते. याला शिकवणं म्हणायचं? आणि आयांनाही काही वाटत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आज माझी सगळ्यांसमोर शोभा झाली.

आमच्या संकुलात दरवर्षी वसुबारसेला दीपोत्सव असतो. सात इमारतींची मुलं आधीच्या रविवारी पणत्या रंगवतात, वसुबारसेच्या संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर त्या लावतात. एकशे वीस पणत्या. हे काम आठ वर्षं माझं होतं. मीच सुरू केलं होतं. आज मंडळाच्या बैठकीत सेक्रेटरी भाग्येश पाटील म्हणाला, “यंदा मुलांनी जागृतीताईंचं नाव सुचवलंय. समिधाताईंनाही जरा विश्रांती.” विश्रांती! मी काय म्हातारी झाले की आजारी पडले? मी एकेचाळीस वर्षांची आहे.

मी हसून म्हटलं, हो हो, नव्या लोकांना संधी मिळायलाच हवी. घरी येऊन कुकरचं झाकण आपटलं तर नीलेश म्हणाला, “काय झालं?” याला तारापूरच्या प्लांटमधला प्रत्येक व्हॉल्व्ह कळतो, बायको कळत नाही.

स्वरा म्हणाली, “आई, मी जाऊ ना पणत्या रंगवायला? सगळेच जाणारेत.” बारा वर्षांची आहे, दोन वर्षं झाली ब्रशला हात लावत नाही. आधी छान काढायची. मागे एका स्पर्धेत तिने होडी काढली होती, शीड जरा वाकडं होतं. मी सरळ केलं, पाणी नीट केलं, पहिला नंबर आला. तिने ते बक्षीस कपाटावर टाकलं, ते अजून तिथेच आहे. आताच्या मुलांना कशाची किंमत नाही. म्हटलं जा, तिथला सावळागोंधळ स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

देव आहे!

दुपारी दिनानाथशेठचा फोन. पालघरचं त्यांचं दुकान म्हणजे माझं माहेर, अकरा वर्षं सगळं सामान तिथूनच घेते. म्हणाले, “ताई, एक विचारू? ती तुमची जागृती दुकानात आलीय. पणत्यांसाठी चाळीस बाटल्या पोस्टर कलर काढायला सांगते. पण तुमी तर दिवाळीला माज्याकडून अ‍ॅक्रिलिक नेता. पोस्टर चालतात का पणत्यांना?”

क्षणभर मला समजेना. आणि मग एकदम सगळं लख्ख समजलं.

पणती आधी पाण्यात भिजवावी लागते. नवी कोरी पणती सरळ लावली तर सगळं तेल पिऊन टाकते, हे इथल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. म्हणून रंग पाण्याला टिकणारा लागतो, म्हणजे अ‍ॅक्रिलिक. आणि पणती आतून रंगवायची नाही, नाहीतर ती पाणी पिणार कशी? हे मी पहिल्या वर्षी हात पोळून शिकले. पण मी ते कुणाला कळू दिलं नाही. दरवर्षी अ‍ॅक्रिलिकचे डबे घरी आणायचे, पोस्टर कलरच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचे आणि त्या बाटल्या मैदानात न्यायच्या. एक तर अ‍ॅक्रिलिक म्हटलं की आया ओरडतात, कपड्यांवरचा रंग निघत नाही म्हणून. आणि दुसरं, कमावलेली गोष्ट कुणाच्या हातात फुकट कशाला द्यायची? जागृतीने चार वर्षं त्या बाटल्या उचलल्या. ती समजते, त्यात पोस्टरच होता! एकदा म्हणाली होती, “ताई, पणत्यांचे ब्रश इतके कडक का होतात?” म्हटलं होतं, मातीने.

दिनानाथशेठ फोनवर थांबले होते. मी म्हटलं, “चालतात की! झकास चालतात. अ‍ॅक्रिलिक मी माझ्या कॅनव्हाससाठी नेते. पणत्यांना पोस्टरच.”

“मंग देतो,” ते म्हणाले.

फोन ठेवला आणि चक्क गाणं गुणगुणले. स्वरा टेबलावर भूगोलाचा नकाशा भरत होती, माझ्याकडे टक लावून बघत होती. लहान असताना बाटल्या भरताना नरसाळं तीच धरायची. म्हटलं, काय बघतेस? अभ्यास कर.

एकशे वीस पणत्या. सगळ्या संकुलासमोर, सगळ्या आयांसमोर पाण्यात विरघळणार. मग बघू कोण कुणाकडे मुलं पाठवतं.

२ ऑक्टोबर, दसरा

जागृती घरी आली. सोनं द्यायला! बॅनरवर माझं कासव लावून माझ्याच दारात आपट्याची पानं घेऊन. वाकून नमस्कार केला. मी “सुखी राहा” म्हटलं, तोंडावर हसू ठेवून. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

चहा घेतला, जरा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग खाली मान घालून म्हणाली, “ताई, रागावणार नसाल तर विचारते. पणत्यांच्या रंगात तुमी काय घालता? माजा रंग धरत नाय. पाण्यात टाकला की जातो. तुमचा कसा धरतो?”

म्हणजे तिला शंका आलीय! मी उठून फरसाणाची बशी भरली, तेवढ्यात विचार केला. म्हटलं, “अगं, डिंक. थोडा डिंक विरघळवून घालायचा. आणि उन्हात दोन दिवस वाळवायच्या.”

“डिंक,” ती म्हणाली. पिशवीतून वही काढली आणि लिहून घेतलं. माझ्यासमोर! मला वाटलं आता हसू फुटणार.

ती गेली तेव्हा पायात चपला सरकवताना म्हणाली, “ताई, तुमी नसता तर मला ब्रश धरता आला नसता.” दार लावलं. जरा कसंतरी झालं, खोटं कशाला लिहू. मग बॅनर आठवला आणि बरं वाटलं.

स्वरा आतल्या खोलीत होती. जेवली नाही, पोट दुखतंय म्हणाली.

५ ऑक्टोबर, रविवार

चारातली दोन सुट्टीवर. दोनच मुलांना घेऊन कागदाच्या पाकळ्यांची झेंडूची फुलं केली. एकाने मध्येच विचारलं, “टीचर, हे मी करतोय की तुम्ही?” म्हटलं, दोघं मिळून. उद्धट झालीत पोरं.

स्वरा सायकल घेऊन किंजलकडे गेली होती. ही तिची मैत्रीण बेटेगावला राहते. आली ती एकदम खुशीत. पोटदुखी पळाली वाटतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोर मैदान, सगळं स्पष्ट दिसतं. मोठी सतरंजी, तिच्यावर प्लॅस्टिक, आणि शंभरावर पोरं. मी आधी बाटल्याच बघितल्या. पिवळ्या झाकणाच्या पोस्टरच्या बाटल्या, रांगेने चाळीस! नीलेशला हाक मारणार होते, मग म्हटलं नको.

पण काय तो गोंधळ! कुणी पणती जांभळी करतंय, कुणी तिला डोळे काढतंय, एकाने तर पणतीला मिशा काढल्या. जागृती मध्ये फिरत होती, हात मागे बांधून. एकाही पणतीला तिने हात लावला नाही. शिकवायला येतच नाही तर काय करणार? पोरं मात्र इतकी हसत होती की आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. माझ्या वेळी एवढा गोंगाट कधीच नव्हता. सगळे शिस्तीत बसायचे.

स्वरा तीन तास तिथे होती. घरी आली ती कोपरापर्यंत रंगलेली, सरळ मोरीत गेली आणि दार लावून घेतलं. अर्धा तास हात घासत होती. पोस्टर तर दोन मिनिटांत जातो. ही पोरगी पाण्याशी नुसती खेळते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पणत्या क्लब हाउसच्या गच्चीवर वाळताहेत. तीन दिवस राहिले.

नवीन गुलाबी साडीवरचा ब्लाउज आणला शिंप्याकडून. त्या दिवशी मी चांगली दिसणार आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

एकच धाकधूक होती. घाईत बायका पणत्या भिजवायच्या विसरल्या तर? मग काय उपयोग? म्हणून विजयाकाकींकडे गेले. पणत्यांचं, तेलवातींचं सगळं त्याच बघतात. म्हटलं, “काकी, उद्या पणत्या सकाळीच टबात टाका हं. चांगल्या चार-पाच तास भिजू द्या. गेल्या वर्षी तेल किती गेलं!”

काकी म्हणाल्या, “किती गं लक्ष तुझं! काम नसलं तरी मन इथेच.”

हो काकी, माझं मन अगदी इथेच आहे.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

चार वाजताच तयार होऊन खाली गेले. तीन मोठे टब बी इमारतीच्या दाराशी, त्यावर ओल्या गोणी टाकलेल्या. गोणींखाली काय झालंय ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरं गोळा झाली होती. त्यांच्या आया नटून आल्या होत्या. जागृती एका कोपऱ्यात वाती वळत बसली होती, साध्या सुती साडीत. मला बघून उठून उभी राहिली.

काकींनी पहिली गोणी काढली.

पाणी नितळ होतं. टबाचा तळ दिसत होता. काकींनी हात घालून एक पणती काढली, पिवळीधम्मक, त्यावर लाल ठिपके, एक न् एक ठिपका जागेवर. दुसरी काढली, जांभळी. तिसरी, मिशावाली. मी पुढे झाले आणि एक पणती उचलून अंगठ्याने जोरात घासली. काही झालं नाही. नखाने खरवडली तेव्हा नखाखाली पातळ, रबरासारखा पापुद्रा आला. अ‍ॅक्रिलिक! कुठल्याही आंधळ्याला कळेल. ओली पणती माझ्या हातातून टबात पडली, पाणी साडीवर उडालं.

एवढ्यावर संपलं असतं तर ठीक होतं. सहा वाजता पायऱ्यांवर सगळ्या पणत्या लागल्या. सुंदर दिसत होत्या, लिहिताना हात जड होतोय, पण दिसत होत्या. भाग्येशने माइक जागृतीला दिला. ती म्हणाली, “मी चुकीचा रंग घेतला होता. सगळ्या पोरांची मेहनत पाण्यात गेली असती. पण समिधाताईंनी आठवणीनं निरोप पाठवला, स्वराजवळ. रंग बदल, हा धरणार नाय. म्हणून वाचलो. यंदा काम त्यांच्याकडे नसताना त्यांनी हे केलं. ताई, वर या.”

टाळ्या! अख्खं संकुल टाळ्या वाजवत होतं. मी वर गेले कशी ते आठवत नाही. शाल खांद्यावर आली, हातात नारळ आला. काकींच्या डोळ्यांत पाणी. जागृती अगदी माझ्यासमोर उभी राहून माझ्याकडे बघत होती, हात जोडून. मी माइकवर म्हटलं, “मुलांचा आनंद महत्त्वाचा.” माझाच आवाज मला ओळखू येईना.

म्हणजे स्वरा. स्वराने आईची अब्रू राखायला माझ्या नावाने खोटा निरोप दिला. बारा वर्षांच्या पोरीने! संतापू की जवळ घेऊ?

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सकाळी स्वराला जवळ बसवलं. म्हटलं, बाळा, तू माझ्या नावाने निरोप का दिलास?

“मी नाही दिला निरोप,” ती म्हणाली.

“मग?”

“मी खरं सांगितलं. किंजलकडे जाते म्हणाले होते ना, तेव्हा पुढे उमरोळीला गेले. जागृतीताईला सांगितलं की आई तुझ्याशी खोटं बोलली. शेठजींशीपण. डिंकाने काही होत नाही. बाटल्यांत अ‍ॅक्रिलिक असतं, मीच नरसाळं धरायचे.”

मी हात उगारला. मारलं नाही. पण उगारला, आणि ती मागे सरकली नाही, नुसती बघत राहिली.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू ऐकलं नसतंस,” म्हणाली आणि उठून गेली.

म्हणजे जागृतीला सगळं माहीत होतं. माइक हातात घेतला तेव्हा माहीत होतं. शाल घातली तेव्हा माहीत होतं!

२२ ऑक्टोबर, पाडवा

पाच दिवस मी ऐकतेय. “किती मोठं मन तुमचं!” “आजकाल कोण करतं असं!” भाग्येशच्या बायकोने चकल्यांचा डबा पाठवला. तीन आयांचे फोन आले, “आता तुम्ही दोघी मिळून क्लास घेणार का? मग आम्ही येतो.” कुणी स्तुती केली की कानशिलात बसल्यासारखं वाटतं. नीलेशने कौतुकाने शाल कपाटाच्या समोरच्या खणात ठेवलीय, दार उघडलं की तीच दिसते. चकल्यांचा डबा अजून उघडला नाही.

तिने मला मुद्दाम वर बोलावलं. मुद्दाम! मला जाब हवाय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

रिक्षाने उमरोळीला गेले. वाटेत सगळी भाषणं तयार होती. तिचं घर वाडीत आहे, चिकूच्या झाडांत. पडवीत दोरीवर मुलांची चित्रं वाळत घातलेली. एक निळा नारळ होता, त्याच्यावर खाली वाकड्या अक्षरांत दिशाचं नाव. मी तो पाहिला, न पाहिल्यासारखा केला.

जागृती बाटल्या धूत होती. हात पुसले. म्हणाली, “ताई, तुमी भांडायला आलात की माफी मागायला?”

खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं.

“बसा,” तिने चहा टाकला.

मी म्हटलं, “निरोपाचं खोटं का बोललीस? खरं सांगून टाकायचं होतंस सगळ्यांना.”

“स्वरा तिथंच उभी होती पोरांमदी. तिच्यासमोर तिच्या आईला कशी उघडी पाडू? दिनानाथशेठनी पण विचारलं, बाटल्या परत का करतेस, ताई तर म्हणाल्या चालतात. मी म्हटलं, ताईंना आठवलं मागाहून. त्यांना पण काय सांगितलं नाय.”

“आणि पोस्टरच्या बाटल्या? मी गॅलरीतून बघितल्या होत्या.”

“त्यात अ‍ॅक्रिलिक भरला. तुमी बघणार हे मला माहीत होतं. तुमच्याकडूनच शिकले, ताई.”

“आणि शाल?”

तिने कपात चहा ओतला, माझ्यापुढे ठेवला.

“शाल तुमच्यासाठी. स्वरासाठी नाय. तुमी वर उभ्या होता, नारळ हातात घेऊन, तेव्हा मी दुसरीकडे कुठंच बघितलं नाय. तुमच्या तोंडाकडेच बघत होते. मला जाम बरं वाटलं, ताई. खोटं नाय बोलत.”

मी उठायला हवं होतं. उठले नाही.

“तिसऱ्या वर्षी मी भाचीसाठी घरी पणत्या रंगवल्या होत्या,” ती म्हणाली. “पोस्टरनी. तुमच्याकडे बघितलं तसंच सगळं केलं. आईनं पाण्यात टाकल्या आणि नुसता चिखल. भाची रडली. सगळे हसले मला. मला वाटलं, माज्या हातातच नाय. ताईंचा रंग धरतो, माजा धरत नाय, म्हंजे माज्यातच खोट हाय. दोन वर्षं तसंच वाटायचं. चार वर्षं ब्रश धुतले तुमचे. विचारलं तरी तुमी म्हणालात, मातीनं कडक होतात.”

चहा फार गोड होता. मी सगळा प्यायले. माझी सगळी भाषणं कुठे गेली कोण जाणे. शेवटी एकच वाक्य निघालं, तेही नीट नाही. म्हटलं, “चुकलं माझं.”

ती हो म्हणाली नाही, असू द्या असंही म्हणाली नाही. म्हणाली, “स्वराला यायचंय इकडे. रविवारी साडेनऊला पाठवा.”

“मी पण येऊ का? बसून राहीन. बाटल्या भरून देईन हवं तर. रंग कालवून देईन.”

“नको ताई.” आवाज चढवला नाही तिने. “तुमी आलात की पोरं हात आखडतात.”

घरी पोचले तर स्वरा दारातच उभी. “काय म्हणाली?”

“रविवारी, साडेनऊला.”

“आपण दोघी?”

“तू,” म्हटलं.

ती आत गेली आणि कपाटातून जुना फ्रॉक शोधू लागली, रंगाने खराब झाला तरी चालेल असा.